दाता क्रमांक सात

आईला पुरून तीन आठवडे झाले होते आणि तारास हावरिलुक सिग्नीच्या दारात बुटांवरचा बर्फ आपटत उभा होता. एका हातात पिरोगीचा, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचा, डबा. दुसरा हात त्याने पुढे केला, पण तो हात मिळवायला नव्हे. त्याने तिचं मनगट धरलं, स्वेटरची बाही कोपरापर्यंत सरकवली आणि शीर चाचपली.

"झकास," तो म्हणाला. "आईवर गेलीस. सुईला शोधाशोध नको."

"वुय्को, आधी आत ये. सगळं घर गार पडतंय."

वुय्को म्हणजे युक्रेनी भाषेत मामा. तारासचं आणि तिचं नातं काहीच नव्हतं. तिच्या आईने, थोरुन ब्यार्नासनने, विनिपेगच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला लागून एक खोली घेतली तेव्हा समोरची खोली त्याची होती. दोघांचं पहिल्या आठवड्यात वाजलं आणि पुढे तीस वर्षं वाजत राहिलं. सिग्नी लहान असताना त्याने तिला हा शब्द शिकवला तो थोरुनला खिजवायला. "या आइसलँडी बाईला डोकं असलेला एक तरी भाऊ असावा, म्हणून मी उपकार करतोय," असं तो भर कॉरिडॉरमध्ये सांगायचा. थोरुनचा खरा भाऊ, ग्रिमुर, गिम्लीला तळ्यावर मासे धरत असे. त्याच्या डोक्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तारासने डबा ओट्यावर ठेवला, कोट न काढताच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुझं रक्त हवंय."

"पिरोगीच्या बदल्यात?"

"पिरोगी माझ्या बायकोने दिल्यात, तुझी आई गेली म्हणून. रक्त मी मागतोय, तुझी आई गेली तरी भांडण उरलंय म्हणून."

भांडण कशावरून, हे सिग्नीला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये बेसोफिल नावाची एक पेशी असते. शंभरात एक, कधी तेवढीही नाही. अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत तिच्या वाट्याला दोन ओळी यायच्या: खाज सुटवते, बाकी काम माहीत नाही. पेशी एकमेकींना जे निरोप धाडतात, ज्यांना सायटोकाइन म्हणतात, ते धाडण्याचा मान टी पेशींचा. टी पेशी म्हणजे साहेबलोक. तारास आयुष्यभर टी पेशींचा माणूस. थोरुनचं म्हणणं असं की बाहेरचा कोणी शरीरात घुसला की पहिल्या काही तासांत पहिला निरोप ही फालतू पेशीच ठोकते. त्या निरोपाचं नाव इंटरल्युकिन-चार. साहेबलोक नंतर जागे होतात आणि हुकूम आपलाच असल्यासारखं वागतात.

"लग्नात शंभरातला एक पाहुणा असा असतोच," थोरुन विद्यार्थ्यांना सांगायची. "कोणी बोलावलं ते कोणाला आठवत नाही. पण भांडण तोच सुरू करतो."

"आणि फोटोत तो कधीच नसतो, कारण तो नसतोच," समोरच्या खोलीतून उत्तर यायचं. दारं मुद्दाम उघडी असत.

मरण्याआधी थोरुनने शेवटचा निबंध एका मोठ्या नियतकालिकाला धाडला होता. निरोगी माणसांच्या बेसोफिल पेशी नुसतं टोचलं तरी चार तासांत इंटरल्युकिन-चार ओततात, असं त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं. परीक्षकांचं उत्तर आलं तेव्हा ती रुग्णालयात होती आणि नर्सशी उशीवरून हुज्जत घालत होती. ते तिने वाचलंच नाही. तारासने वाचलं होतं.

"बारा दाते," तो म्हणाला. "अकरा जणांचं रक्त कुरकुरतं. एकाचंच बोंबलतं. परीक्षक म्हणतात, सगळा डोलारा दाता क्रमांक सातवर उभा आहे, तर दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून दाखवा. नाही तर निबंध मागे घ्या. संपादकाने विचारलं, कोण करेल? मी म्हटलं मी."

"तू? तू तर तिचा..."

"म्हणूनच तर त्याला पटलं. मी 'बरोबर' म्हटलं तर कोणाची शंका घ्यायची हिंमत होणार नाही." त्याने घसा खाकरला. "आणि मी 'चूक' म्हटलं तरी तेच."

दाता क्रमांक सात कोण, ते दोघांनाही ठाऊक होतं. अकरा वर्षं दर दोन महिन्यांनी थोरुन मुलीला फोन करायची. "सकाळी ये. उपाशी येऊ नकोस, चक्कर येते," एवढंच. सिग्नी शहराच्या वाचनालयात कामाला जायच्या आधी प्रयोगशाळेत बाही वर करायची. सोमवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेव म्हणावं त्या सुरात आईने तिची रीतसर संमतीही घेतली होती.

"चूक निघालं तर?" सिग्नीने विचारलं.

"दोन आठवड्यांनी तिची शोकसभा आहे. बोलणारा मी. तेव्हा सगळे विचारतीलच." तो उठला. "तू नाही म्हणालीस तर निबंध गपचूप मागे घेता येईल. लेखिका वारली, विषय संपला. कोणी हसणार नाही."

हसणं. सिग्नीला त्याचीच भीती होती. आईला लोकांनी शिव्या द्याव्यात, तिला चालत होतं. आईने त्या चढाओढीने परत केल्या होत्या. पण आता तिच्या तोंडात जीभ नव्हती. आता कोणी हसलं तर ते शेवटचं हसणं ठरलं असतं.

"उद्या सकाळी येते," ती म्हणाली. "उपाशी येणार नाही."

*

तारासच्या प्रयोगशाळेत मारिसेलने सिग्नीच्या दंडाला पट्टा आवळला. थोरुनची सगळी प्रयोगशाळा वीस वर्षं हीच बाई चालवत होती, म्हणून तारासने तिला बोलावून घेतलं होतं. मनिलाहून आली तेव्हा तिच्याकडे कोट नव्हता, आता तिच्याकडे कोट आणि मतं दोन्ही भरपूर होती.

"मूठ मिट. हं, सोड. तुझी आई असती तर म्हणाली असती, एवढंसंच काय काढतेस, पोरगी धडधाकट आहे."

"असं म्हणायची?"

"दर वेळी. तू गेल्यावर."

नळ्या भरल्या. मारिसेलने रक्त एका गोडसर द्रावणावर इतक्या हळू ओतलं की दोन्ही एकमेकांत मिसळली नाहीत, मग नळ्या यंत्रात घालून गरगर फिरवल्या. बाहेर काढल्या तेव्हा थर लागले होते. वर पिवळट पाणी, तळाशी लाल गाळ आणि मधे ढगासारखी एक पांढरी कडा. टी पेशी त्या कडेत. गंमत अशी की बेसोफिलही त्याच कडेत सापडतात. त्यांची सख्खी भावंडं, इओसिनोफिल वगैरे, जड. ती तळाला जातात. मारिसेलने पांढरी कडा नळीने अलगद ओढून घेतली आणि उरलेली नळी पिवळ्या बादलीत टाकायला निघाली.

"थांब," तारास म्हणाला.

"आता काय? डॉक्टर थोरुनच्या पद्धतीत तळ फेकतात. तुमच्या पद्धतीत तरी काय करता? लोणचं घालता?"

"फेक तू तळ. मला न फिरवलेल्या रक्ताचा एक थेंब दे. काचेवर घेतो."

"कशाला?"

"कारण हे शत्रूचं रक्त आहे. स्वतःच्या नमुन्यावर माणूस विश्वास टाकतो."

त्याने थेंब काचेवर पसरला, वाळवला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मारिसेल तोवर सिग्नीला सांगत होती की शोकसभेला सँडविच कोण करणार यावरून ऑफिसात काय काय झालं. तारास काही बोलेना, तेव्हा दोघी गप्प झाल्या. तारास गप्प आहे ही त्या इमारतीत बातमी होती.

"सिग्नी, इकडे ये," तो शेवटी म्हणाला. "हे नारिंगी दाणे भरलेले दिसतात का? डाळिंब फुटल्यासारखे?"

"दिसतात. बरेच आहेत."

"बरेच? बाळ, इथे नुसती जत्रा आहे. हे इओसिनोफिल. निरोगी माणसात शंभरात दोन-तीन दिसावेत. तुझ्यात जिकडे बघावं तिकडे तेच. तुला दमा आहे?"

"नाही."

"खाज? पुरळ? कुठली औषधं?"

"नाही रे. मी ठणठणीत आहे. गेल्या वर्षी जरा थकवा होता, पण तो आईमुळे."

तारास खुर्ची फिरवून तिच्यासमोर बसला. "खातेस काय?"

"म्हणजे? सगळं खाते."

"मासे?"

"खाते की. ग्रिमुरमामाकडे हिवाळ्यात जाते ना. तळं गोठलं की तो बर्फावर झोपडी टाकतो."

"शिजवलेले?"

सिग्नीला प्रश्नाचा रोख कळेना. "मासे शिजवलेलेच. गाबोळी तेवढी नाही. मामा ताज्या जॅकफिशची गाबोळी काढतो, वर मीठ भुरभुरवतो आणि काळ्या पावावर तशीच... अरे, गिम्लीला सगळे खातात."

"तशीच," तारास म्हणाला.

"तशीच."

"किती वर्षं?"

"आईने तिथे जाणं सोडलं तेव्हापासून. तिला माशांचा वास सहन होत नसे. मी तिच्या वाटचं खायचे."

तारासच्या खांद्यांना आधी कंप सुटला. मग तो तोंडावर हात धरून वाकला. सिग्नीला वाटलं याला काही झालं. मग तिच्या लक्षात आलं की तो हसतोय, आणि हसू दाबण्याच्या प्रयत्नात त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"जंत!" तो कसाबसा म्हणाला. "मारिसेल, जंत! चपटा, फितीसारखा, माशातून येणारा! थोरुनने आयुष्यभर शिकवलं की जंत घुसला की पहिली आरोळी बेसोफिल ठोकते. आणि तिच्या निरोगी दात्याच्या पोटात जंत! तिच्या स्वतःच्या पोरीच्या!"

"देवा रे," मारिसेलने छातीवर क्रूस काढला, मग सिग्नीच्या पोटाकडे बघून एक पाऊल मागे सरकली.

"अजून नक्की नाही," सिग्नी म्हणाली.

"उद्या सकाळी एक डबी भरून आण, म्हणजे नक्की होईल. आणि पिरोगीच्या डब्यात आणू नकोस, तो माझ्या बायकोला परत कर."

*

नक्की झालं. डबीत अंडी सापडली. तिसऱ्या मजल्यावरच्या कृमितज्ज्ञांनी त्यांचे फोटो काढले आणि अभिनंदन करावं तशा आवाजात कळवलं की हा पाहुणा बरीच वर्षं राहतो, चार-पाच मीटर सहज वाढतो आणि पुष्कळदा मालकाला पत्ताही लागू देत नाही. एका गोळीत काम होईल.

त्याच दुपारी दुसरा निकालही आला. दाता क्रमांक सातच्या रक्ताने तारासच्या प्रयोगशाळेतही बोंब ठोकली होती, थोरुनच्या आकड्यांहून जराशी जास्तच. आणि पांढऱ्या कडेतून बेसोफिल चुंबकाने वेचून बाजूला काढले की उरलेल्या साहेबलोकांतून त्या चार तासांत एक चकार शब्द निघत नव्हता. तारासने हे तीनदा करून पाहिलं होतं.

"म्हणजे आई बरोबर," सिग्नी म्हणाली.

"ओरडतं कोण, याबाबत बरोबर. ओरडणारा निरोगी होता, याबाबत साफ चूक. निबंधाच्या नावातच 'निरोगी' आहे. जंताने तुझ्या पेशी वर्षानुवर्षं चिडवून ठेवल्यात. मग त्या टोचल्यावर किंचाळतील नाही तर काय गातील?"

ते थोरुनच्या खोलीत बसले होते. भिंतीवरची चित्रं उतरवून खोक्यात भरलेली. मारिसेल टेबलावर बसून पाय हलवत होती.

"संपादकाने काय विचारलंय?" सिग्नीने विचारलं.

"निकाल पुन्हा येतो का, एवढंच."

"येतो."

"येतो."

"मग तेवढंच लिही."

तारासने चष्मा काढून पुसला. "लिहीन. तू सांगशील ते लिहीन. तीस वर्षं मी तिच्यावर ओरडलो, की बाई, तुझे दाते कोण, ते बघ. आता मला बरोबर ठरायची चव येत नाहीये. समोरून शिवी येत नाही."

"नका सांगू," मारिसेल म्हणाली. "लोक काय लक्षात ठेवतील? एवढं काम केलं ते? छे. गाबोळी लक्षात ठेवतील. नाताळच्या जेवणात सांगतील."

सिग्नीला हेच म्हणायचं होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिला राग आला, आणि तो मारिसेलवर नव्हता. अकरा वर्षं. अकरा वर्षं आईने तिचं रक्त घेतलं, त्यातला शंभरावा भाग डोळ्यांत तेल घालून पाहिला आणि बाकीची लेक दर वेळी पिवळ्या बादलीत टाकली. तळाशी सगळं लिहिलेलं होतं. एक काच, एक थेंब, पाच मिनिटं. 'बरी आहेस ना?' हा प्रश्न आईने विचारलाच नाही, कारण उत्तर तिने स्वतःच गृहीत धरलं होतं. पोरगी धडधाकट आहे. हे दुर्लक्ष होतं की कौतुक, हे विचारायला आता कोणी नव्हतं. बहुधा दोन्ही होतं. आई दोन गोष्टी एकाच भांड्यात शिजवायची.

"गोळी कधी घेऊ?" तिने विचारलं.

"अजून एकदा रक्त दे, मग घे," तारास म्हणाला. "जंत असताना आणि नसताना, दोन्ही पाहायला हवं." मग घाईघाईने, "म्हणजे, हे जगाला सांगायचं ठरलं तर."

*

शोकसभेला महाविद्यालयाचं व्याख्यानगृह भरलं होतं. थोरुन लोकांना आवडत होती असं नाही, पण प्रत्येकाचं तिच्याशी काहीतरी उरलेलं होतं. मागच्या टेबलांवर कडा कापलेली अंड्याची सँडविचं होती आणि सुक्या आलुबुखारांचे थर लावलेला आइसलँडी केक. ग्रिमुरमामा आला नव्हता. बर्फ फुटायच्या बेतात होता आणि झोपडी ओढून काठावर आणायची होती. त्याने मासे पाठवले होते. धुरी दिलेले, असं सिग्नीने प्रत्येकाला न विचारता सांगितलं.

तारास काळ्या सुटात उभा राहिला. थोरुन कशी हट्टी होती, ते त्याने सांगितलं. उद्धट होती, तेही सांगितलं. लोक हसले, ते चांगलं हसणं होतं. मग तो शेवटच्या निबंधावर आला. "मी प्रयोग स्वतः करून पाहिला," तो म्हणाला. "निकाल पुन्हा आला. बेसोफिल काढले की तो नाहीसा होतो. मी हरलो." टाळ्या झाल्या. तारास टाळ्या संपायची वाट पाहत राहिला, आणि संपल्यावरही पुढचं वाक्य त्याला सापडेना. त्याने सिग्नीकडे पाहिलं.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. सभा संपली असती, आईचं नाव स्वच्छ राहिलं असतं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कृमितज्ज्ञांना तिने गप्प राहण्याची विनंती केली असती. सिग्नीने त्या स्वच्छ नावाकडे पाहिलं. ते कोणाचंही असू शकलं असतं.

ती उभी राहिली.

"दाता क्रमांक सात मी आहे," ती म्हणाली. "आणि मला जंत आहे."

मागे कोणाच्या तरी हातातला चमचा पडला.

"बहुतेक मीटरांत मोजावा लागेल," ती पुढे म्हणाली. "गिम्लीची गाबोळी. निबंधातला 'निरोगी' हा शब्द चूक आहे. आईने तपासलं नाही. तिने तळ फेकला, आणि मी तिची मुलगी होते म्हणून काही विचारलं नाही."

मग हसू फुटलं. तिला वाटलं होतं तसंच. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. एक म्हातारे प्राध्यापक पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन हसत होते. सिग्नी उभी राहिली. तिने ठरवलं होतं की हे संपेपर्यंत बसायचं नाही.

ते संपण्याआधीच कोणीतरी हात वर केला. टोरांटोहून आलेली एक तरुण बाई.

"माफ करा, पण मग हे जास्त महत्त्वाचं नाही का? बेसोफिल पेशी काही दिवसांत मरतात. जंताने आज चिडवलेली पेशी पुढच्या आठवड्यात नसते. अकरा वर्षं प्रत्येक नवी पेशी चिडलेलीच जन्माला येत असेल, तर तिला शिकवतं कोण?"

"टी पेशी," तारास लगेच म्हणाला.

"मूर्खपणा," मागून कोणीतरी म्हणालं. "अस्थिमज्जेत शोधा."

"अस्थिमज्जेत तुम्ही आणि थोरुन दहा वर्षं शोधताय, मिळालं काय?" तारास उसळला.

"पण मूळ दावा तर पडलाच ना," चष्मेवाला एक गृहस्थ चढ्या आवाजात म्हणाला. "निरोगी माणसात असं होतं, हा थोरुनचा दावा. दात्याची खात्री न करता दावा करणं हा निव्वळ गलथानपणा आहे!"

सिग्नीचे कान तापले. आईवर कोणी ओरडत होतं. पाच आठवड्यांच्या मऊ बोलण्यानंतर, हळू दारं लावण्यानंतर, कोणीतरी अखेर तिच्या आईवर मनापासून ओरडत होतं, जणू ती पहिल्या रांगेत बसली आहे आणि आता वळून त्याचे दात घशात घालणार आहे. पण पहिल्या रांगेतून कोणी वळलं नाही.

"तुमचे निरोगी दाते कोण असतात?" सिग्नीने विचारलं.

"आमचे? विद्यार्थी. कर्मचारी. रीतसर अर्ज भरून घेतो."

"अर्जात काय विचारता?"

"तब्येत बरी आहे का ते."

"आणि ते म्हणतात, बरी आहे."

गृहस्थाने मान डोलावली.

"मीही तेच म्हणाले असते," सिग्नी म्हणाली. "मला तर कोणी विचारलंही नाही. दात्याच्या रक्ताचा थेंब तुम्ही काचेवर शेवटचा कधी पाहिलात?"

गृहस्थ खुर्चीत बसला. सगळं व्याख्यानगृह हिशेबाला बसलं. प्रत्येकजण मनातल्या मनात आपल्या कोपऱ्यातली पिवळी बादली आठवत होता, आणि सकाळी उपाशी न येणारे, बाही वर करणारे, धडधाकट दिसणारे आपले दाते. कोणाची गावाकडची आई कच्चं मांस मुरवते, कोण उन्हाळ्यात अनवाणी कुठे फिरून येतो.

"बरं," तारास म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा कॉरिडॉरमधला झाला होता. "शोकसभाच आहे, तर खरं बोलू. पांढरी कडा घेऊन तळ न बघता फेकतो कोण कोण? हात वर."

पहिल्यांदा मागे, सँडविचच्या टेबलाजवळ, मारिसेलचा हात गेला. मग टोरांटोच्या बाईचा. मग इथे एक, तिथे दोन, शेवटी चष्मेवाल्या गृहस्थाचा, खांद्याच्या वर न जाणारा. सिग्नी वळून पाहत होती. हातांचं जंगल झालं होतं आणि त्यात कोणीही हसत नव्हतं.

तिने पुन्हा पुढे पाहिलं, तेव्हा काळ्या सुटातल्या तारासनेही आपला हात वर केलेला होता.